एक नंबरचं चित्र

तर मग विश्वास ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा बघू, रुचिताताई — प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर, की मोबाइलवर डोळे विस्फारून बोलणाऱ्या त्या पोरांवर, की समोर बसलेल्या माणसावर? — नाही नाही, दुकानदारावर ठेवा असं मी म्हणतच नाही, मी स्वतः शर्टाचं कापड घेताना दुकानदारावर ठेवत नाही. पण बघा, खोक्यावर उजेडाचा आकडा एवढा मोठा लिहितात की वाटावं रात्री क्रिकेटची मॅच याच्यावरच खेळवतात — आणि घरी लावलं, खिडकी उघडी राहिली, की हिरो कुठला आणि सोफ्याची सावली कुठली, कळत नाही. आणि ती मोबाइलवरची पोरं — त्यांना मशीन फुकट येतं, आठवडाभर वापरतात, परत पाठवतात. त्यांच्या घरी जयपूरची धूळ नाही, एप्रिलातली आँधी नाही, संध्याकाळी सातला नाचणारं व्होल्टेज नाही. मग राहिलं कोण? या बनी पार्कात मी तीस वर्षं पडद्यासमोर बसतोय. आधी व्हिडिओ भाड्यानं दिले, मग डिश बसवल्या, मग टीव्ही, मग छताला टांगायचे प्रोजेक्टर, आता हे लेझरवालं. शिकवलं कुणीच नाही, उघडून बघितलं, बिघडवलं, दुरुस्त केलं. आणि लोक येऊन एवढंच विचारतात — "नागनाथजी ने पास किया क्या?" पास, बस. बाकी कागद वाचतच नाहीत. आता आमची अवनी म्हणते, बाबा, यापुढं मीटर पास करणार. पडद्यावर लटकवायचा एक डबा आणलाय तिनं, तो रंग मोजतो. "तुम्ही पुढे काउंटरवर बसा, मतलब लोकांशी बोला, तुम्हाला बोलायला आवडतं." — हसू नका. ही खुर्ची बघितलीत मी बसलोय ती? यावर बसून पास करतो मी. ती म्हणते, काउंटरची खुर्ची गुबगुबीत आहे. आता गुबगुबीत खुर्चीचं मला काय करायचंय!

चहा घ्या. आलं जास्त झालंय का? — हां, तर मशीन. मघाशी मी विचारलं, तुमचे मेजरसाहेब गेम खेळतात का, आणि तुम्ही म्हणालात, ते झोपतात, मी खेळते. चुकलंच माझं. पण बरं झालं, खेळणारा माणूस डोळ्यांनी लबाडी करत नाही — चित्र उशिरा आलं तर तो मरतो! तुमच्यासारख्यांना हे मशीन का बरं, सांगतो. क्वार्टरच्या छताला भोक पाडलं की बदलीच्या वेळी कुणाकुणाला उत्तर द्या. हे भिंतीला चिकटून टेबलावर बसतं, वीतभर अंतरावरून वर उजेड फेकतं, मध्ये कुणी उठून पाणी प्यायला गेलं तरी डोक्याची सावली पडत नाही. बदली झाली की टेबलावरून उचललं, काळ्या पेटीत घातलं, चला पठाणकोट. पण — हे पण महत्त्वाचं, बाकीचे दुकानदार सांगणार नाहीत — टेबल हललेलं याला चालत नाही. एक बोट मागं सरकलं की चित्र चार बोटं पसरतं. झाडूवाल्या बाईचा धक्का लागला की रोज संध्याकाळी तुम्ही मशीनपुढं गुडघ्यावर, देवपूजेला बसल्यासारख्या. टेबलाच्या पायांना खुणा करून ठेवायच्या, मग काही नाही. आणि नुसत्या भिंतीवर तर बघूच नका. उजेड खालून तिरपा येतो ना, भिंतीची प्रत्येक पोपडी, प्रत्येक फुगवटा उठून दिसतो. बनी पार्कातल्या एका गेस्टहाऊसवाल्यानं हट्टानं भिंतीवरच लावलं, म्हणाला भिंत गुळगुळीत आहे — समुद्राचं चित्र आलं तर ठीक, हिरॉइन आली की देवी येऊन गेल्यासारखी. आणि त्याच्याकडेच पाल! थंडीत मशिनच्या वरची काच गरम लागते, ती येऊन बसली. पडद्यावर ही एवढी, मगरीएवढी सावली, शेपूट हलतेय. परदेशी पाहुणे टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं सिनेमातच आहे. आता काचेवर झाकण ठेवतो तो. तुम्ही पण ठेवा. आणि मशीन चालू असताना वरून वाकून काचेत बघायचं नाही, कुणाला बघू द्यायचं नाही, एवढं एक कडक.

चला, दिवा घालवतो, चित्र बघा. हे माझं स्वतःचं चित्र आहे, चाकसूच्या मेळ्यात मीच काढलेलं — शीतलामातेच्या मेळ्यात मी एके काळी तंबू टाकून व्हिडिओ दाखवायचो, तेव्हापासून दर वर्षी जातो. कंपनीवाले कारंजं दाखवतात, पोपट दाखवतात. पोपट खरा केवढा हिरवा ते कुणाला माहीत? पण पांढरं धोतर, लाल लुगडं, उन्हातला माणसाचा चेहरा — यात फसवता येत नाही. आता बघा, रिमोटवर एक दाबतो. हे झालं एक. आता दोन. परत एक. कोणतं बरं वाटतं? घाई नाही. — दोन? बरं. नाही, काही नाही, सहज विचारलं. परत बघा, धोतराकडे बघा. एक. दुधासारखं पांढरं आहे की नाही? — निळसर? अहो, धोतराला नीळ घालतातच की! गावाकडचा माणूस आहे, मेळ्याला निघालाय, बायकोनं नीळ जास्त घातली असेल. — चेहरासुद्धा? चेहऱ्याला नीळ नाही घालत, हे मात्र खरं. — तुम्ही हसून हसून चहा सांडाल. ठेवा कप खाली.

आता तुम्ही विचारताच आहात, तर सांगून टाकतो — सांगायचं नव्हतं खरं, अवनीनं बजावलं होतं. या दोन्हींतलं एक मी सकाळी डोळ्यांनी लावलेलं आहे, एक तिनं मीटरनं. कुणाचं कुठल्या नंबरावर ठेवलंय ते तिनं मला सांगितलेलं नाही. आणि रामफूलला घेऊन गेली चाकसूला, एका शाळेत पडदा बसवायला — रामफूल म्हणजे आमचा फिटर, केस पिकले त्याचे आमच्याकडे. जाताना म्हणाली, बाबा, आज नजर चांगली असलेलं पहिलं गिऱ्हाईक येईल त्याला दोन्ही दाखवा, काही सांगू नका, तुमचं निवडलं तर खुर्ची तुमची, मी परत कधी काढणार नाही विषय. मीटरचं निवडलं तर सोमवारपासून काउंटर. म्हटलं, मंजूर. आणि आलात तुम्ही, तेही सोलापूरकडच्या, आमच्या बार्शीला तुमची आत्या — मला वाटलं, देवानंच पाठवलं. — नाही नाही, तुमच्यावर दडपण आणायला नाही सांगत. तुम्हाला जे दिसतं ते दिसतं. कुठलं माझं ते कळायला मला अवनी लागत नाही. बघताक्षणी ओळखलं मी. एक नंबरचं माझं. आणि एक नंबर म्हणजे एक नंबर, दोन नंबरचा धंदा मी उभ्या जन्मात केला नाही! — बरं, हा विनोद तुमच्यावर चालला नाही.

आता अंधारातलं बघू. रात्रीचं चित्र हे — चुलीजवळ बाई बसलीय, मागं बैलगाडी. एक. दोन. — दोनमध्ये गाडीचं चाक दिसतं? एकमध्ये नाही दिसत? मला दोन्हीत... बरं, मी थोडा पुढं सरकतो. हां. असेल. असेल चाक. गाडी आहे म्हणजे चाक असणारच, ते दिसलंच पाहिजे असं थोडंच आहे? रात्र आहे, रात्री काय सगळं दिसतं का? — बरोबर, तुम्ही गेम खेळता, तिथं अंधारात लपलेला माणूस दिसला नाही तर तो मारून जातो. मान्य. तुमच्या बाजूनं बोलायचं तर दोन.

खेळून बघा ना, तुमचं यंत्र आणलंयच तुम्ही. लावा, वायर त्या बाजूला. — काय? बटण दाबलं आणि उडी उशिरा? थांबा. हे मला कधी कळलं नाही, खोटं कशाला बोलू. मला उडी ती उडी. पण यात गेमसाठी वेगळं बटण आहे, ते दाबलं की मशीन चित्राला नटवत बसत नाही, आलं तसं पुढं ढकलतं. आता? — बघा! चेहरा बघा तुमचा! मेजरसाहेबांना म्हणावं, झोपा आणखी. — आणि हे काय, डोळा इकडून तिकडं फिरवला की लाल-हिरवी रेघ चमकते? तुम्हाला पण? अवनीला पण दिसते. मला आजपर्यंत एकदाही दिसली नाही, मला वाटायचं ती मला चिडवायला सांगते. या जातीच्या मशिनमध्ये रंग एकामागून एक येतात, इतके भराभर की डोळा त्यांची भेळ करून टाकतो — काहींचे डोळे करत नाहीत. तुमचा नाही करत. मग एक ऐका, हे मशीन आज घेऊच नका. तीन रंगांचे तीन लेझरवालं दुसरं येतं, त्यातसुद्धा काहींना दिसते रेघ, काहींना नाही, तेव्हा आधी तासभर खेळा, मग ठरवा. — दुकानदार असं बोलत नाही? तोटा होतो ना मग, रोज थोडा थोडा. पण बघा, घरी गेल्यावर डोकं दुखलं असतं तुमचं, आणि तुम्ही म्हटलं असतंत, नागनाथजींनी पास केलेलं.

पडदा? हां, पडदा तर सांगायचाच राहिला, खरी गंमत तर पडद्यातच आहे. हा पडदा साधा कापडाचा नाही, जवळून बोट फिरवा — दाते लागतात ना? करवतीसारखे, बारीक, आडवे. प्रत्येक दात्याची खालची बाजू खालून येणारा मशिनचा उजेड तुमच्याकडे फेकते, वरची बाजू काळी, छताच्या दिव्याचा उजेड गिळून टाकते. म्हणून दिवसासुद्धा दिसतं. आणि म्हणूनच याला वर-खाली असतं. उलटा टांगला तर? मशिनचा उजेड गिळणार आणि छतावरचा दिवा तुमच्या तोंडावर फेकणार! तर झोटवाड्यात आमचे एक मोहरसिंहजी आहेत, नट-बोल्टचा कारखाना, वरच्या मजल्यावर घर, त्यांनी घेतलं हे सगळं. मी म्हटलं, रामफूलची चूक व्हायला नको, आपण खूणच करून देऊ. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात मार्करनं लिहिलं — 'खाली'. स्वच्छ देवनागरीत. आता सांगा, आपल्याला 'खाली' म्हणजे काय? खालची बाजू! पण रामफूल चाकसूचा. त्याच्यासाठी 'खाली' म्हणजे रिकामी. त्यानं विचार काय केला — मला नंतर त्यानं फार शांतपणे समजावलं — "सेठजी, नीचे तो मशीन है, टेबल है, तार है, नीचे कहाँ खाली है? खाली तो ऊपर है." म्हणून ती पट्टी वर! सांगा, काय चुकलं त्याचं? तीस वर्षं जयपुरात राहून, पोरीशी निम्मं हिंदीत बोलून, मार्कर हातात आला की हात बार्शीला जातो माझा. तेव्हापासून बाण काढतो, अक्षर लिहीतच नाही. दुकानात आता कुणी 'खाली' म्हटलं की सगळे हसतात — रामफूल सगळ्यांत जास्त.

— कळलं कधी म्हणजे? कळलं अवनीला, आठवड्यानं. ती गेम लावून द्यायला गेली होती तिथं, दारातूनच म्हणाली, हे काय मेलेलं चित्र आहे, स्क्रू काढले, पलटवला, मोहरसिंहजींच्या घरच्या सगळ्यांनी एकदम 'अरे!' केलं. — नाही, आठवडाभर तसाच होता. — हो, मी गेलो होतो ना. बसवल्याच्या संध्याकाळीच गेलो, मीच तर... अं... मी बघितलं चित्र. मोहरसिंहजी म्हणाले, "सेठजी, थोड़ा मरा-मरा सा लग रहा है." मी म्हटलं, साहेब, टीव्हीनं तुमचे डोळे बिघडवलेत, सिनेमाचा उजेड असा मऊच असतो, चार दिवस बघा, सवय होईल. त्यांनी मिठाई दिली. पास करून आलो मी.

चहा थंड झाला तुमचा. दुसरा सांगू? — नको, बरं.

मला खरंच मऊ वाटलं होतं, ताई. ते काही विकायसाठी बोललो नव्हतो, विकलेलंच होतं. उलटा पडदा समोर, मी तीन हात अंतरावर, आणि मला वाटलं, वा, काय मऊ उजेड आहे! — डोळे? डोळे तपासायचं अवनी पण म्हणते. तपासू की, पळून कुठं चाललेत डोळे? पांढरं मला अलीकडं जरा सायीसारखं दिसतं, आता सायीत वाईट काय आहे? — हां. हां, थांबा. म्हणजे मला साय दिसते म्हणून मी बटण फिरवत फिरवत दूध होईपर्यंत नेतो. आणि मला दूध दिसतं तेव्हा तुम्हाला... नीळ. — हे तुम्ही आत्ता जोडलंत की मघाशीच? मघाशीच! आणि बोलला नाहीत. आमच्या सोलापूरकडची माणसं अशीच, समोरच्याचा चहा संपेपर्यंत थांबतात.

मग या वर्षी मी किती घरं निळी केली असतील? झोटवाड्यात, इथं बनी पार्कात, तुमच्या मिलिटरी स्टेशनातल्या एका कर्नलसाहेबांकडं सुद्धा — त्यांनी मुलीच्या लग्नाचं चित्र लावलं होतं, म्हणाले, नागनाथजी, नवरी जरा आजारी दिसते. मी म्हटलं, लग्नाची दगदग. — हसा, हसा, मला पण हसू येतंय. कुणी तक्रार करत नाही हो! नागनाथजींनी पास केलंय म्हटल्यावर माणूस स्वतःच्या डोळ्यावर शंका घेतो. ही मोठी वाईट गोष्ट आहे, नाही? आपल्या शब्दाला एवढा भाव असावा की समोरच्यानं स्वतःच्या लेकीचा निळा चेहरा सुद्धा खपवून घ्यावा.

पण एक सांगू? पंख्याचा आवाज. मघाशी गेम लावलात तेव्हा मशीन बारीक किर्र करत होतं, तुम्हाला ऐकू आलं? — नाही ना! मला आलं. उजव्या बाजूची जाळी धुळीनं बुजलीय, उद्या काढून फुंकतो. तो किर्र मीटरला ऐकू येत नाही, अवनीला पण नाही. आणि वरचा डावा कोपरा जरासा ओढल्यासारखा आहे हे मीच आधी म्हटलं होतं, तुम्ही आलात तेव्हा, आठवतं? आकार कळतो अजून. रंग नाही कळत. असो. काउंटरवरून सुद्धा माणूस आत डोकावू शकतो, दार काही बंद नसतं...

— थांबा, फोन. अवनीच. बघा कशी वेळेवर — नाही, मी नाही उचलत, तुम्ही घ्या. ती विचारेल, कुणी आलं होतं का, काय म्हणाले. मी बोललो की मी गोष्ट सांगणार, आणि माझ्या गोष्टीत मी कधी हरत नाही, हे तिला ठाऊक आहे. तुम्ही सांगा. धोतराला दोन म्हणालात, चेहऱ्याला दोन, गाडीच्या चाकाला दोन, तेवढे तिच्या बाजूला मांडा, एकही गाळू नका, बार्शीची आत्या मध्ये आणू नका. किर्र आणि कोपरा माझ्या बाजूला, त्यांत पण भर घालू नका. म्हातारा बरा आहे, चहा चांगला देतो, असलं काही जमेत धरायचं नाही. मी बाहेर उभा राहतो. घ्या, वाजून वाजून बंद होईल — हिशेब तेवढा खरा ठेवा, ताई.